काचेच्या आतल्या बाजूने

नगरभवन, पाचवा मजला, रात्रीचे साडेनऊ.
उद्या बाराला शपथ आहे,
म्हणून आज मी नाव काढतेय.

पातं तिरकं धरायचं, काचेवर जवळजवळ निजवून.
सोनं सोलून येतं कांद्याच्या सालीसारखं
आणि पडतं कॉफीच्या जुन्या डब्यात.
डबा आजोबांचा. लुडविक हावरानेक, दारांवरची अक्षरं.
त्यांना इंग्रजी बोलता येत नसे, लिहिता मात्र येई, तेही उलटं.
वर्ख आतून लावतात, उजवीकडून डावीकडे,
म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला नाव सरळ दिसतं.
आत बसलेला मुदत संपेपर्यंत
स्वतःला उलटाच वाचतो.

पहिल्या महापौराला दारच नव्हतं.
एलिफलेट वॉर्डवेल, सरोवरातून नावेने आला, बीव्हरची कातडी विकत.
दलदलीत चार फळ्या टाकल्या, म्हणाला, हा रस्ता.
त्याचं नाव एका पिंपावर खडूने लिहिलेलं होतं.
डुकरांनी अंग घासघासून पुसलं.

क्रेन पटकीच्या उन्हाळ्यातला. एकोणीस दिवस.
तेव्हाच्या पाटीवाल्याचे पैसे त्याच्या विधवेने फेडले,
अंडी देऊन.

आगीनंतरच्याचं नाव माझ्या लक्षात राहत नाही.
मेव्हण्याच्या वीटभट्ट्या होत्या,
आणि शहर विटांचंच हवं हा त्याचा पहिला ठराव.
मग कोणी ट्रामच्या भाड्यावरून पडला, कोणी बर्फावरून:
फेब्रुवारीत गाड्या फिरल्या नाहीत,
एप्रिलात मतं फिरली.

डोनेगनची बावीस वर्षं आमच्या घरात उपासमार.
एकच नाव. काढायचं काही नाही, लावायचं काही नाही.
बाबा खाटिकखान्याच्या भावफलकांवर जगले.
तो खुर्चीतच गेला, अर्धं सँडविच हातात,
आणि शवपेटीवाल्याच्या आधी फोन बाबांना आला.

पेटीफोर्डच्या वेळी मी बारा वर्षांची, शिडी धरायला.
जिन्यात म्हाताऱ्या बायका,
चर्चच्या टोप्या घालून पहाटेपासून नुसत्या उभ्या.
शेवटचं अक्षर होऊ दे, मग जातो.
त्या रात्री कोणीतरी पहिला पी खरवडला.
आतून. म्हणजे किल्लीवाल्या कोणीतरी.
बाबांनी सकाळी लावला. पुन्हा खरवडला. पुन्हा लावला.
बिल एकदाच लावलं.
बाबा नाण्याची कड तपासून घेणारा माणूस.

लोक नावं ठेवतात. आम्ही काढतो.
शहराचं नाव कुणी काढलं ते इतिहासवाले ठरवोत,
पात्याला काढणं एवढंच कळतं.

मघाशी टिबट आला, छत्री राहिली म्हणून.
काचेपलीकडे उभा. त्याचे टी आणि बी तेवढे उरले होते.
"माझं सहज निघालं का?"
म्हटलं, चार वर्षांचा गोंद तसा कच्चाच असतो.
हसला. छत्री पुन्हा विसरून गेला.

काच पुसून झाली की तिच्यावर श्वास सोडायचा,
तेल उरलंय का बघायला.
धुक्यात सगळे उगवतात, एकावर एक,
डोनेगनच्या ओमध्ये पेटीफोर्डचा अडकलेला पाय,
कुणाचंच नाव वाचता येत नाही,
आणि विरतात.

वर्ख उचलायचा ब्रश खारीच्या केसांचा.
आधी गालावरून फिरवायचा, कातडीच्या तेलाने वर्ख धरतो.
म्हणजे प्रत्येकाच्या नावात
थोडा आमचा गाल आहे.

अमालिया मागान्या. बस ड्रायव्हरची मुलगी.
तिच्या एनच्या डोक्यावर एक छोटी लाट असते.
आजोबांच्या नमुन्यांच्या वहीत ती नाही.
कार्यालयाचा निरोप आलाय, नसली तरी चालेल.
अक्षरामागे आमचा दर आहे, लाटेचा नाही.

आमच्याही नावात पहिल्या ए-वर एक काडी होती.
आजोबांनी इथल्या पहिल्याच पाटीत ती गाळली.
जागा नव्हती, म्हणायचे.

कागदावर लाट उलटी काढून पाहिली. चुकली.
कुठून उठते आणि कुठे पडते, तेच हाताला कळेना.
दुसरा कागद घेतला.
आणि ब्रश गालावरून फिरवला.