चौथा भिडू

चपला इथे काढ, शर्वाणी,
या निळ्या पिंपाशी. कुणी नेत नाही.
साडेपाच झालेत, जून लागलाय,
साडेसातला अझैब्याची ही वाळू
परतायला टाकलेल्या रव्यासारखी तापेल.
जे शिकायचं ते त्याच्या आत.

ही रॅकेट. तारा शोधू नकोस, नाहीत.
सलग फळी आणि तिला भोकं:
बुंदीचा झारा आठव, फक्त दांडा आखूड.
धरायचीही तशीच, सैल मनगटाने.
आवळलीस तर कोपर आठवडाभर बोलेल.

चेंडू दाबून बघ. मऊ आहे ना?
पिवळ्यावर नारिंगी ठिपका, आत हवा निम्मी.
नवशिक्यांसाठी म्हणून नाही हं, सगळ्यांना हाच.
तरी पहिला महिना तू आमचं कच्चं लिंबू.
तुझ्या चुका हैथम मोजणार नाही.
मी मोजीन, पण मनात. सवय आहे,
दिवसभर लोकांच्या इमारतींच्या विटा मोजते मी.
मैदानही मीच आखते: सोळा मीटर लांब, आठ रुंद,
चार कोपऱ्यांत चार खुंट्या,
त्यातली एक भरतीला दर शुक्रवारी हवी असते.

नियम? एकच धड लक्षात ठेव:
चेंडू वाळूला लागला की मेला.
टप्पा नाही. टेनिसात जमीन काहीतरी परत देते,
वाळू घेते आणि गप्प बसते.
म्हणून हवेतच गाठायचा, एका फटक्यात पलीकडे;
जोडीदाराकडे टोलवून 'घे तू' म्हणता येत नाही.
सर्व्हिसही एकदाच. दुसरी मागू नकोस.
नेटला घासली, वर टेकली, विचार करून पलीकडे पडली
तरी डाव चालू. ओरडत बसायचं नाही, धावायचं.
आणि चाळीस-चाळीस झालं की लांबण नाही,
पुढचा गुण ज्याचा, गेम त्याचा.

हसतेस? मलाही हसू आलं होतं.
तेवीस वर्षं मस्कतात, आणि समुद्र पाहिला तो
गाडीच्या काचेतून, एसी चालू ठेवून.
बीनाने हाताला धरून आणलं.
"चेची, आम्ही तिघं आहोत, चौथं लागतं."
पहिल्या दिवशी अकरा वेळा नुसती हवा मारली,
बाराव्याला तोंडावर पडले. दातांत वाळू,
आणि रात्रपाळी करून आलेली मारिविक
माझी नाडी धरून हसत होती.

तुझ्या हातातली रॅकेट बीनाची.
मुठीवरची पट्टी तिनेच गुंडाळलेली,
खाली मल्याळममध्ये नाव आहे, पुसट. असू दे.
मार्चात कंपनीने माणसं कमी केली.
फ्रिज विकला, सोफा विकला, मांजर कुणाला तरी दिली,
शेवटच्या शुक्रवारी इथे खेळली, सहा-चारने हरली
आणि निघताना 'पुढच्या शुक्रवारी' म्हणाली,
सवयीने. कुणी दुरुस्त केलं नाही.
तिच्याआधी एक इटालियन होता,
त्याआधी कराचीचे दोघे भाऊ, फार रडीचा डाव खेळायचे.
खेळ चौघांचा, आणि इथे चौथं माणूस
कायम नवं असतं.
माझं कार्ड ऑक्टोबरपर्यंत आहे. ते जाऊ दे.

उभी कशी आहेस? विमानतळाच्या रांगेत आहेस का?
गुडघे वाकव. टाचा उचल,
टाच रुतली की माणूस उशिरा पोचतं.
रॅकेट छातीपुढे, लोंबू देऊ नकोस.
हैथम चेंडू शर्टाला पुसतोय, म्हणजे येणार.
मधला चेंडू कुणाचा ते आधी ओरडायचं,
अरबी, मराठी, काहीही चालतं,
'माझा' एवढं आम्हाला सगळ्या भाषांत कळतं.
मधला तुझा.
आला बघ.