तिसरा रकाना

बुधवार. खाली जुन्या बाजारात
पाने, पत्रे, बंद पडलेली घड्याळं मांडणं चाललंय.
वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही, नाइट उतरलेल्या,
आणि ऋतिजा नावाची मुलगी, एमएस्सी नर्सिंग, दुसरं वर्ष,
गुलाबी कागद वाटत फिरतेय.
'मॅडम, नाव नाही लिहायचं. फक्त वय आणि नोकरीची वर्षं.'
त्रेपन्न. एकोणतीस.
रकाने तीन: बरोबर, चूक, माहीत नाही.

पहिला प्रश्न: पॅलिएटिव्ह केअर म्हणजे
उपचार संपल्यावर करायचं ते.
चूक. एवढं कळतं आता.
पूर्वी डॉक्टर फायलीवर 'सपोर्टिव्ह' लिहायचे
आणि आम्ही तो बेड दाराकडे सरकवायचो.
राउंड तिथून चपला न वाजवता
पुढं जायचा.

सातवा: मॉर्फिनची सवय लागते,
म्हणून अगदी शेवटपर्यंत टाळावं.

वायदंडे. बेड एकोणीस.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर.
जिभेचा. बोलणं गेलेलं,
नातवाच्या पाटीवर खडूनं लिहायचे, छापल्यासारखं:
'पावणेतीन वाजले. सहाचं आत्ता द्या.'
कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्या कमरेला,
दुसरी मेट्रनबाईंच्या क्वार्टरवर.
रजिस्टरात दोन सह्या,
फुटलेल्या अँप्यूलचासुद्धा हिशेब.
मी म्हटलं, 'काका, सवय लागेल हो.'
त्यांनी बाहीनं पाटी पुसली.
'लागू दे. कुठं कामावर जायचंय?'
आणि हसले, उरलेल्या अर्ध्या तोंडानं.

मी नाही गेले किल्ली आणायला.
बावीस पायऱ्या, पोर्च, मग क्वार्टर, लांब काहीच नव्हतं.
मेट्रनबाई रागावतील ही भीतीही नव्हती.
माझ्या सुईनंतर श्वास थांबला
तर तो माझ्या नावावर लागेल,
ही होती.
शुक्रवारी ते गेले, सहाच्या आधीच.
रजिस्टर चोख होतं. एक अँप्यूल
इकडची तिकडं नाही.

बारावा: रुग्णानं मरणाचं काढलं की मी विषय बदलते.
(इथंही तेच तीन रकाने. हिच्या गाइडनं वाचलेलं दिसत नाही.)
मी विषय नाही बदलत, बाई. मी बीपी बघते.
'सिस्टर, किती दिवस?' म्हटलं कुणी
की कफ गुंडाळते, फुगवते,
पारा उतरेपर्यंत बोलायचं नसतं ना.
इतकी वर्षं त्या प्रश्नाला
शंभर बाय सत्तर हेच उत्तर दिलं.

परवा जैनबी मुजावर, भवानी पेठ, पोटात पाणी.
तोच प्रश्न. मी कफ उचलला,
परत ठेवला. स्टूल ओढलं.
'तुम्हाला काय वाटतं?'
त्या म्हणाल्या, धाकटीचा बारावीचा शेवटचा पेपर
होईस्तोवर तिला कळू देऊ नका.
मग बराच वेळ लोणच्याबद्दल बोलल्या,
फोडी केवढ्या हव्यात, कोय ठेवायची की काढायची.
मी कोय काढते म्हटलं, तर चिडल्या माझ्यावर.

हे कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्या पुस्तकात अर्धं पान होतं, मृत्यूनंतरचं:
पापण्या मिटाव्यात, हनुवटी बांधावी,
पायाला चिठ्ठी.
त्याच्या आधलं पान
सरळ बेडसोर्सचं.

'मॅडम, पाच मिनिटं.'
सातव्याला मी चूक लिहिते. एक मार्क मिळेल.
बारावा कोरा ठेवून कागद देते
तर ती म्हणते, 'कोरं राहिलं की फॉर्म बाद होतो.'
म्हणजे इतक्या लांबून, उपाशीपोटी,
सगळं आठवत बसले ते बाद.
मी तिसऱ्या रकान्यात फुली मारते
आणि खाली सही करते, हात सवयीनं वळतो,
शेजारच्या घोलप सिस्टरकडं कागद सरकवते
दुसऱ्या सहीसाठी.

'सही नकोय, मॅडम,' ऋतिजा म्हणते,
आणि व्हाइटनर शोधायला
बॅगेत हात घालते.