राक्षसांचं गाव

बसवाल्यानं दोनदा विचारलं,
इथंच ना नक्की?
वर काही नाहीये, नुसते दगड.
म्हटलं, दगडच बघायचेत.

गावाचं नाव एका दमात तोंडात येईना.
वेल्समध्ये चढाआधीच दम लागतो.

वाट मेंढ्यांनी पाडलेली.
गुडघ्याएवढं जांभळं हेदर, मध्येच
करवंदाची धाकटी बहीण शोभावी अशी
निळी फळं. जीभ निळी करून घेतली.
मागं समुद्र, नव्या पत्र्यासारखा.
वारा असा, की टोपी
पहिल्याच वळणावर सॅकमध्ये कोंबली.

मग तट आला.
दरवाजा दिसला की पाऊल हळू पडतं,
लहानपणची खोड.
उजवीकडे देवडी शोधली,
डावीकडे शेंदूर.
पाठीवर निळा शिक्का मारलेली एक मेंढी
ऐन वाटेत बसलेली.
तिनं मला पुरतं न्याहाळलं
आणि पहारा सोडून बाजूला झाली.

आत घरं. दीडशेच्या आसपास.
छपरं कधीच गेली, जोती राहिली,
कोंबड्या डालायच्या टोपल्या
कुणी उचलून न्याव्यात
आणि नुसते गोल उरावेत, तशी.

ग्विलिम तिथंच भेटले.
निवृत्त पोस्टमन, गळ्यात दुर्बीण, हातात वही.
महिन्यातून एकदा येऊन
भिंत कुठं ढासळली ते टिपून नेतात.
विचारलं, राजा कोण इथला?
नाव नाही, म्हणाले.
लढाई?
माहीत नाही.
मग बांधला तरी कुणी?
खालचे लोक म्हणायचे, राक्षसांनी.

आमच्याकडे बुरुजागणिक गोष्ट
अन् दोन बुरुजांवरून तीन भांडणं.
इथं एवढा गड
आणि जयजयकाराला नाव नाही.
घशाशी आलेली घोषणा
पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

एका घरात शिरले. बसले.
नाकासमोर भिंत.
चुना नाही, माती नाही,
थरावर थर, सांध्यावर सांधा कुठंच नाही,
फटीत कपची.

हे मला वाचता येतं.

अप्पा असेच बांध घालायचे
वेल्ह्याच्या उतारांवर, रोजगार हमीच्या कामावर,
संध्याकाळी हजेरीपटावर अंगठा.
दगड उचलायचे, फिरवायचे दोनदा,
म्हणायचे, याला तोंड असतं, ते आधी बघ.
मग ठेवायचे.
ठेवलेला पुन्हा काढताना मी पाहिले नाहीत.
सव्वापाच फूट उंची, कंबरेला पट्टा.
दोन पावसाळ्यांनी गावातली पोरं
बांधावर बसून मोबाइल बघतात,
कुणी घातला, विचारत नाहीत.
आणखी थोडी वर्षं गेली
की राक्षसांनी, म्हणतील.

पायाशी एक दगड पडला होता.
कालपरवाच निखळला असावा,
एक बाजू अजून कोरडी, उजळ,
शेवाळ न लागलेली.

उचलू नका, ग्विलिम म्हणाले.
नियम आहे.
तोवर मी उचलला होता.
एकदा फिरवला.
दुसऱ्यांदा तोंड सापडलं.
भिंतीतली त्याची जागाही दिसली,
वरून तिसऱ्या थरात,
दुधाचा दात पडावा तशी.
हात पोचत होता.

वारा त्यांच्या वहीची पानं उलटत होता.
ते काहीच बोलले नाहीत,
मीही.
गवतात दगडाचा ओला ठसा होता.
तिथंच ठेवला, होता तसा,
तोंड खाली.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,
कुठं बसला असता?
बोट दाखवलं.
त्यांनी वहीत छोटा बाण काढला
आणि पुढं काय लिहावं
न सुचून पेन्सिल कानावर खोचली.

परतीला तोच बसवाला.
काय होतं वर?
एक जागा रिकामी आहे, म्हटलं.
त्याला वाटलं, बसमधली.
म्हणाला, बसा की, कुठंही बसा.