मंगळवारचा चौथा तास

शाळेचं वेळापत्रक मी करतो.
गणिताचा मास्तर म्हटल्यावर हे काम गळ्यात पडतंच.
तिसऱ्या वर्षाचा मंगळवारचा चौथा तास
मीच खोडला. खोडरबरानं, नीट,
कागद फाटू न देता.
परीक्षेला सात महिने. संगीत घेतलेली मुलं नऊ.
हिशेब सरळ होता.

क्वान्सासाहेब काही बोलले नाहीत.
वाद्यांच्या खोलीची किल्ली तेवढी
माझ्या टेबलावर ठेवून गेले.
हाताला दिवसभर पितळेचा वास.

सेकोंडीची खारी हवा पितळ खाते.
दोन ट्रम्पेट, पोचे पडलेला युफोनियम,
आणि एक ट्रॉम्बोन, ज्याच्या सरकत्या नळीला
मुलं घरून आणलेलं खोबरेल चोळतात.
एवढ्यासाठी एक अख्खी खोली! असं मी
मीटिंगमध्ये म्हणालो होतो. इतिवृत्तात आहे ते.

मोकळ्या तासाला जादा गणित घेतलं.
फळ्यावर विकलन. शेवटच्या बाकावर एबो एस्सिल्फी,
नजर माझ्याकडे, बोटं मांडीवर:
एक दोन तीन चार,
दोन दोन तीन चार,
तीन दोन तीन चार.
"काय मोजतोयस?"
"गप्प बसायची आवर्तनं, सर. अठ्ठावीस आहेत.
मग माझा एक स्वर."
वर्ग हसला. मीही.
"एका स्वरासाठी एवढं?"
"मी चुकलो तर सगळ्यांचं चुकतं."

मंगळवारी इथं दर्यावर कुणी जात नाही.
त्या दिवशी दर्या दर्याचाच.
रंगवलेले डोळे उघडे ठेवून
होड्या वाळूवर झोपतात.
अशाच एका मंगळवारी त्याचा बाप आला,
इस्त्रीचा सदरा, नखांत जाळ्याचा दोरा.
"मास्तर, तुमच्या भिंतीपलीकडे बसून मी जाळं सांधतो.
चौथ्या तासाला आवाज यायचा. तीन आठवडे नाही.
वाटलं, पोराला बरं नाही.
तर म्हणतो, गणित आहे."

मी परीक्षेचं सांगू लागलो. त्यानं तळवे उघडले.
"जाळं ओढायला वीस माणसं लागतात.
एकानं घाई केली की दुसऱ्याची साल निघते.
म्हणून आम्ही गातो. गळा गोड आहे म्हणून नव्हे.
पोराला मी होडीवर नेणार नाही. शिकू दे त्याला.
पण ओढायचं कधी, थांबायचं कधी,
हे तुमच्या या इमारतीत
कुठल्या तासाला शिकवता?"

उत्तरं होती माझ्याकडे. टक्केवारी होती,
मागच्या पाच वर्षांची, कपाटात, फायलीत.
कपाटाची चावी सापडेना असं दाखवत
मी बराच वेळ खण उपसत राहिलो.

एक गोष्ट सांगायची राहिली.
सतराव्या वर्षी मीही शाळेच्या कॉयरमध्ये होतो.
मागची रांग, खालचा स्वर.
वर्षभर नुसते ओठ हलवले.
कुणाला कळलं नाही, असं धरून चाललो तेवीस वर्षं.
शेजारी उभे असायचे क्वान्सासाहेब,
तेव्हाचे बारके, मोठ्या कानांचे.
त्यांना कळलं नसेल?
दोघांचा स्वर ते एकटेच लावत होते.

आज मंगळवार. चौथा तास.
हजेरी घ्यायच्या निमित्तानं मी दारात उभा.
नऊ मुलं. वाजवतायत सहा.
एबोचा ट्रॉम्बोन गुडघ्यावर, ओठ मिटलेले,
पण आळशी नाही ते गप्प बसणं:
ताणलेल्या दोरासारखं.
मीही मोजायला लागलो, त्याच्याबरोबर, मनात.
एकोणिसाव्या आवर्तनाला माझा हिशेब चुकला.
त्याचा नाही.

त्यानं वाद्य उचललं. स्वर आला,
किंचित उतरलेला, ओबडधोबड,
पण जागेवर.
भिंतीपलीकडे कुणाचे हात थांबले का
ते इथून दिसत नाही.

क्वान्सासाहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.
हातानंच खूण केली: पुन्हा, पहिल्यापासून.

वेळापत्रकात तो तास मी परत लिहिलाय.
पेन्सिलीनं.
मुख्याध्यापकांची सही व्हायचीय,
आणि परीक्षेला आता सहाच महिने.