दोन सूत कमी

जरीमरीत आमच्या दुकानावरून विमान उतरतं तेव्हा
पत्रा थरथरतो, आणि गिऱ्हाईक
बोलता बोलता थांबतं, मग तिथूनच पुढे बोलतं.
शलाका याच टेबलाखाली चिंध्यांत झोपायची.
डोळे न उघडता सांगायची,
मोठं आहे. चाकं बाहेर आलीत. आज उशीर झाला.

वैमानिक व्हायचं म्हणाली तेव्हा मी चौकशी केली.
फी ऐकली
आणि फोन हळूच खाली ठेवला, जणू दुसऱ्याचा होता.
मग तीच म्हणाली, हवाई दल पैसे घेत नाही, बाबा,
उलट पगार देतं.
मग घेतं काय?
तिनं कागद पुढे केला.
पायाची लांबी, नव्व्याण्णव सेंटिमीटर,
कमीत कमी.

चौतीस वर्षं मापं घेतोय.
वॉचमनची, बँडवाल्यांची, कार्गोतल्या हमालांची.
पोरीला बसवलं, बूड भिंतीला, पाय लांब, टाचा उभ्या.
एकोणचाळीस इंचाला
दोन सूत कमी.

पँट असती तर
पायाशी मुडपलेलं कापड सोडलं असतं.
हाडात मुडप ठेवलेली नसते.

ती बोलली नाही. सांडलेल्या टाचण्या डबीत भरत बसली.
आणि मला, हे तिला अजून सांगितलेलं नाही,
मला बरं वाटलं.
त्या दोन सुतांत मावत होती
विमा कचेरीतली नोकरी, रात्री आठला जेवण,
आणि पेपरात पहिल्या पानावर
चौकोनात फोटो नसलेली पोर.

रात्री झोप लागेना.
कापडी टेप ओढून ओढून सैल होते,
आणि लांबलेली टेप माणसाला आखूड दाखवते.
शिंप्याच्या पोरालाही हे ठाऊक असतं.
मला माप घेतानाही ठाऊक होतं.

सकाळी कुर्ल्याहून नवी आणली, तीस रुपयांची.
बस पुन्हा, म्हटलं.
एकोणचाळीस.
वर एक दोरा.

ती हसली नाही. म्हणाली, पुढे यंत्रावरची परीक्षा असते,
जन्मात एकदाच देता येते.
कापडही एकदाच कापतात, मी म्हटलं,
म्हणून तर आधी...
तेवढ्यात वरून एक विमान आलं.
आम्ही दोघं थांबलो.

मग तिनं विचारलं, जुन्या टेपचं काय करायचं?

ती अजून माझ्या गळ्यात होती.