प्रश्न चौथा, गुण दहा

गंगापूर रस्त्याला तपासणी केंद्र. पंख्याखाली
उत्तरपत्रिकांच्या कडा फडफडतात.
‘उइघुर संघर्षाची कारणे शासकीय धोरणांच्या संदर्भात लिहा.’
नमुना उत्तर समोर टाचलेलं :
बाहेरून आणून वसवलेली माणसं, दोन गुण.
शाळेतली भाषा, दोन.
तेल, वायू, कापूस कुणाच्या खिशात, दोन.
दाढी, नमाज, पाळत, दोन.
दंगली आणि मग छावण्या, दोन.
बेरीज चोख.

चाळीस जणांनी हेच लिहिलंय, एकाच गाइडमधून.
‘छावणी’ची वेलांटी सगळ्यांची ऱ्हस्व.

मग एक आसन क्रमांक. निळी शाई, मध्येच काळी.
‘मी पिंपळगावला बेदाण्याच्या शेडवर असते.
द्राक्षं आधी तेलाच्या पाण्यात बुडवतात.
साल शाबूत दिसते, वरचं मेण तेवढं उतरतं,
मग आतलं पाणी आपोआप जातं.
तुर्फानलाही बेदाणे करतात म्हणे.
तिथल्या पोरीला शाळेत
घरच्या बोलीत पाणी मागता येत नाही, असंही वाचलं.
पेठच्या आश्रमशाळेत मी मागितलं होतं.
वर्ग हसला, गुरुजीही. मारलं नाही कुणी.
दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही, सर.
पण कारणं विचारलीत म्हणून.’

पुढचं अख्खं पान कोरं.

नमुना उत्तरात मेणाला गुण नाहीत.
लाल पेनाचं टोपण काढतो, लावतो.
धोंगडेबाई पलीकडून विचारतात, ‘किती राहिल्या?’

कोऱ्या पानावर आडवी रेघ मारायचा नियम आहे,
मागाहून कुणी काही लिहू नये म्हणून.

मारली नाही.