नाक दाबलं की

सौमूने आधी माझा अंगठा धरून खाली केला.
पाण्यात अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
म्हणजे पुरे झालं, मला वर न्या.
छान असेल तर बोटांचं शून्य करायचं.
एकतीस वर्षं ऑडिटमध्ये काढली मी,
आणि शून्य म्हणजे छान, हे
माफिया बेटावर, चोलेच्या खाडीत
कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिकले.

दुसरा नियम, श्वास रोखायचा नाही. कधीच.
पण मी तर निकाल, लिफ्ट, डॉक्टरांचे फोन,
मुलाची मोटरसायकल गेटात शिरेपर्यंतच्या रात्री,
सगळं श्वास रोखूनच पार पाडलंय.
पोलेपोले, सौमू म्हणाली. हळूहळू.
हा शब्द मला विमानतळावरच कळला होता,
आमची बॅग तशीच आली होती.

कान दुखले की नाक दाबून हलकी फुंकर.
आमच्याकडे एक म्हण आहे, मी सांगू लागले,
नाक दाबलं की तोंड
तिने माझ्या तोंडात रबर कोंबलं.

मग मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं
आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं.
इथे फसले.
नाकातोंडात पाणी जाणं
मी अहवालांमधून कितीदा लिहिलं असेल,
चव माहीत नव्हती.
उठले, खोकले, मास्क भिरकावला,
टाकीच्या वजनाने पुन्हा मागे बसले.
होडीतला हमदू हसला नाही,
त्याने दुसरीकडे पाहिलं,
तेच जास्त लागलं.

सौमूने समजूत घातली नाही.
होडीच्या कडेला टेकून
उकडलेल्या कसाव्याचा तुकडा मोडला, अर्धा मला.
ज्याचा साबुदाणा होतो तेच हे मूळ.
सौमू म्हणजे उपास, तिने सांगितलं,
रमजानात जन्मली म्हणून.
मीठ लागलेल्या तोंडाने
आम्ही दोघी चावत राहिलो.

ओहोटीला इथल्या बायका काठ्या घेऊन
खडकांमधून ऑक्टोपस शोधत चालतात.
तिची आई चाळीस वर्षं चालली, गुडघ्याएवढ्या पाण्यात.
त्यापुढचं पाणी पुरुषांचं.
समुद्राकाठी जन्म गेला, डोकं कधी भिजलं नाही.
मग एकदा सौमूने तिला खाली नेलं,
पाचच मीटर, हात न सोडता.
वर आल्यावर म्हातारी बराच वेळ गप्प होती,
मग म्हणाली,
इथे झाडतं कोण?

दुसऱ्या खेपेला मी वाळूवर गुडघे टेकले.
माझाच श्वास ऐकू येत होता,
शेजारच्या खोलीत कुणी लाकूड तासत बसावं तसा.
नाक दाबलं, फुंकलं,
डोक्यात कुठेतरी बारीकशी कडी निघाली.
पाणी डोक्यावरून गेलं होतं, केव्हाच,
आणि काही बिघडलं नव्हतं.
बोटाएवढा पिवळा मासा आला,
माझ्या बांगडीला टोचून पाहिलं,
पटलं नसावं, निघून गेला.
आणि वाळूवर, खरंच,
खराट्याच्या ताज्या रेघा होत्या,
एकीशेजारी एक, दिसेनाशा होईपर्यंत.
मी सौमूकडे पाहिलं.
तिने शून्य केलं. मीही.

काठावर मुकुंदने विचारलं, काय काय दिसलं?
कासव होतं का?
मी म्हटलं, होतं. नव्हतं.
सौमू वहीत भरत होती,
खोली सहा मीटर, वेळ बावीस मिनिटं,
मग पेन माझ्याकडे दिलं, रकाना शेऱ्याचा.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले,
हात जागचा हलेना.
तसाच कोरा सोडून सही केली.

रात्री उजवा कान बंदच होता.
मुकुंद बोलत होता, फार लांबून,
मी हूं म्हणत होते.
कूस बदलली
आणि कानातून कोमट पाण्याचा ओघळ
गालावरून उशीत उतरला.
सगळं एकदम ऐकू आलं,
पंखा, भरती, हमदूचा रेडिओ,
आणि मुकुंदच्या वाक्याचं शेपूट,
तर मग उद्या मीही येऊ का?